दोन नाण्यांचा मुलूख : व्हिक्टोरियाकाळातील जालना

व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ इंग्लंडच्या गादीवर होती. आजच्या जालना जिल्ह्याचा मुलूख त्या सबंध काळात हैदराबादच्या निजामाकडे होता. जिल्हा म्हणून तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. जालना शहरालगत इंग्रजांची छावणी राणीच्या आधीपासून होती. १८१७ च्या सुमारास कर्नल डोव्हटनच्या फौजेचा तळ इथेच होता. गावात अंमल निजामाचा आणि वेशीबाहेर छावणीचा, अशी इथली रोजची घडी होती.

ती घडी पैशात पहिल्यांदा दिसे. सरकारसारा व बाजारहाट निजामाच्या हाली शिक्क्यात चाले, तर छावणीतला पगार इंग्रजी कलदारात. कलदार वजनदार मानला जाई, त्यामुळे बदलताना बट्टा पडे आणि सराफाचे दुकान चाले. कालगणनेतही तेच. १८९१ च्या मे-जूनमध्ये भटजींच्या पंचांगात शके १८१३ होते, काझीकडे हिजरी १३०८, महसुली कागदांत फसली १३००, आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या वहीत विक्रम संवत. कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत, वरच्या कचेरीचा कारभार आधी फारसीत आणि १८८० नंतरच्या दशकात उर्दूत. साध्या शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारी जावे लागे, ही त्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी अडचण होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडून, इजारदारांची म्हणजे सारावसुलीचा मक्ता घेणाऱ्यांची वसुली आवरली, तरी पाटील-कुलकर्णी आणि बारा बलुत्यांची गावरचना कायम राहिली.

घरातले वळणही जुनेच होते. ज्वारीची भाकरी, नऊवारी लुगडे, पुरुषांना धोतर, बंडी आणि पागोटे. सासऱ्या-दिरांपुढे डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही. लग्ने लहानपणीच होत. इंग्रजी मुलखात १८५६ मध्ये विधवाविवाहाचा आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्यांवर पुण्यामुंबईत रान उठले, पण ते कायदे निजामाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसत. शेतकरी जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत पूर्वापार होती, तर ब्राह्मण घरांत बालविधवेच्या वाट्याला केशवपन येई. कायद्याने जे मिळवायचे त्यातले काही शेतकरी जातींपाशी आधीच होते, हे सुधारणेच्या इतिहासात पुरेसे नोंदले जात नाही.

या चौकटीला खरा धक्का दिला नारायण शेषाद्री यांनी. मुंबईत १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यामागून मिशनकडे गेलेला धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांकडे परत दिले, आणि प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला. पत्रकार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावे या बाजूचे होते. पुढे १८६० नंतरच्या दशकात शेषाद्री स्कॉटिश मिशनतर्फे जालन्यात आले. सालारजंगांच्या सरकारने दिलेल्या जमिनीवर, शहराजवळ, त्यांनी बेथेल हे गाव वसवले. तिथे येणाऱ्यांत मांग समाजातले लोक बरेच होते. वेशीबाहेर राहण्याची ज्यांना सक्ती होती, त्यांना स्वतःचे गाव, शाळा आणि प्रार्थनामंदिर मिळाले. धर्मांतराविषयी मत काहीही असो, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या माणसाने मांगांच्या सोबतीने संसार मांडणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

व्यापार मुख्यतः कापूस आणि धान्याचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला विलक्षण भाव आला आणि इथल्या काळ्या जमिनीवर व्यापाऱ्यांची नजर वळली. पण माल न्यायचा तो जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नांदगाव स्थानकावर, तोही बैलगाड्यांनी, मुक्काम करत, पावसाळ्यात चिखलात अडकत.

शतक संपता संपता दुष्काळ आला, १८९९-१९०० चा. विक्रम संवत १९५६ वरून लोक त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणू लागले. त्याच सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परतूरमार्गे सिकंदराबादकडे हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे सुरू झाली. त्यानंतर कापूस नांदगावपर्यंत ओढत नेण्याची गरज उरली नाही. बैलगाड्या जालना स्थानकात रिकाम्या होऊन त्याच वाटेने परत फिरू लागल्या.