कंपवात आणि रात्रीची झोंप

कंपवात म्हटला म्हणजे थरथरणारा हात, वांकलेली पाठ आणि तोकडीं पावलें हेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र दिवसाचें झालें. या व्याधीला रात्रही आहे, आणि पुष्कळ घरांतून दिवसापेक्षां रात्रच अधिक जड जाते. लंडनच्या जेम्स पार्किन्सननें १८१७ मध्यें या रोगाचें पहिलें सुसंगत वर्णन लिहिलें, तें अवघ्या सहा रुग्णांवरून. त्यांतले कांहीं तर त्यानें केवळ रस्त्यांतच पाहिलेले. तरीही रोग बळावल्यावर झोंप मोडते व कंपच रुग्णाला जागा करतो, ही गोष्ट त्याच्या नजरेंतून सुटली नाहीं.

झोंप मोडणाऱ्या कारणांपैकीं एक फार चमत्कारिक आहे. दिवसाचे व्यवहार आटोपून रुग्ण अंथरुणाला पाठ लावतो, आणि पिंढऱ्यांत कांहींतरी सुरू होतें. कोणी म्हणतो, हाडांच्या आंत किडे वळवळतात. कोणी म्हणतो, शिरा आंतून कोणी ओढतें आहे. पाय हलविल्यावांचून राहवत नाहीं. उठून चार येरझारा घातल्या कीं बरें वाटतें. पुन्हा निजलें कीं पुन्हा तेंच. विश्रांतींत बळावणारी, हालचालीनें शमणारी आणि सायंकाळनंतर जोर धरणारी ही अनावर ओढ, हीच या विकाराची खूण. बसल्या जागीं पाय हलविणाऱ्या मुलाला घरांत जें बोलणें बसतें, तें या रुग्णाला ऐकवणें अन्यायाचें होय. ही संवय नव्हे. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यानें सतराव्या शतकांतच तिचें वर्णन केलें होतें. 'अस्वस्थ पाय' हें नांव मात्र स्वीडनचे डॉ. एकबॉम यांनीं १९४५ मध्यें रूढ केलें.

कंपवातांत मध्यमेंदूंतील काळसर पेशींचा एक पुंजका हळूहळू नष्ट होतो, आणि त्या पेशी निर्माण करीत असलेलें डोपामीन हें द्रव्य उणें पडतें. अस्वस्थ पायांनाही डोपामीनसारखें कार्य करणाऱ्या औषधांनीं उतार पडतो. यावरून दोन्ही विकार एकच, असें समजणें मात्र चुकीचें ठरेल. ज्यांचे पाय रात्रीं अस्वस्थ होतात, त्यांपैकीं बहुतेकांना कंपवात होत नाहीं. त्यांच्या बाबतींत मेंदूंतील लोहाच्या कमतरतेकडे संशयाची सुई वळते. उलट, कंपवाताच्या रुग्णाची तळमळ कित्येकदां वेगळीच असते. संध्याकाळच्या गोळीचा अंमल मध्यरात्रीं ओसरतो, अंग ताठरतें, कूस पालटतां येत नाहीं, पहांटे पायांचीं बोटें आंत वळून कळा येतात. एकाच शब्दानें सांगितलेल्या या दोन तक्रारींचे उपाय निराळे आहेत.

म्हणूनच 'म्हातारपणीं झोंप कमीच' असें म्हणून औषधांच्या दुकानांतून झोंपेची गोळी आणणें हितावह नाहीं. सर्दीवरच्या व झोंपेच्या कित्येक गोळ्यांतील अ‍ॅलर्जीविरोधी द्रव्य अस्वस्थ पाय अधिकच चाळवतें. मळमळीवर सर्रास दिलें जाणारें मेटोक्लोप्रामाइड तर डोपामीनच्याच कार्याला अडथळा करून दोन्ही विकार वाढवितें. आधीं रक्तांतील लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासून घ्यावा. तो कमी असेल तर लोह देऊन कित्येकांना आराम पडतो. प्रामिपेक्सोलसारखीं औषधें प्रथम गुण देतात; परंतु दीर्घकाळ घेतल्यास पायांची तळमळ रात्रीऐवजीं दुपारींच सुरू होणें, हातांपर्यंत पोंचणें, असाही उलटा परिणाम दिसतो. शिवाय त्यांनीं दिवसां एकाएकीं डोळा लागतो. मोटार चालविणाऱ्यानें हें विसरूं नये. गोळ्या आपल्या मनानें एकदम बंद करणें त्याहूनही धोक्याचें.

खाजकुइलीच्या बियांविषयीं येथें सांगितलें पाहिजे. कंपवातावरचें मुख्य औषध लेव्होडोपा या बियांत निसर्गतःच असतें. १९३७ मध्यें दामोदरन व रामस्वामी यांनीं तें त्यांतून वेगळें काढलें होतें. पण बाजारी चूर्णांत त्याचें प्रमाण ठरलेलें नसतें. गोळ्या चालू असतांना डॉक्टरांना न विचारतां चूर्ण घेतल्यास मात्रा दुप्पट होऊं शकते.

आणखी एक प्रकार घरच्यांना अधिक भिवविणारा. स्वप्न पडत असतां निरोगी माणसाचे स्नायू शिथिल असतात. कांहीं जणांत हा बंध सुटतो, आणि रुग्ण झोंपेंतच ओरडतो, लाथा झाडतो, शेजारच्या पत्नीला ठोसा लगावतो. अमेरिकेंतील शेंक व महोवाल्ड यांनीं १९८६ मध्यें या विकाराचें स्पष्ट वर्णन केलें. पुढें आढळलें कीं, कित्येकांत तो हाताच्या कंपाच्या अनेक वर्षें आधींच दिसूं लागतो. घरांत त्याला कोणी बाहेरची बाधा समजतें, कोणी मनांतला राग. दोन्ही तर्क निराधार आहेत, आणि त्यांपायीं संसारांत विनाकारण कटुता येते. पलंग ठेंगणा असावा, जवळ टोंकदार वस्तु नसावी. लघवीला उठतांना पडूं नये म्हणून वाटेवर मंद दिवा असावा.

स्वप्नांतला हा गोंधळ रुग्णाला स्वतःला बहुधा ठाऊकच नसतो. यास्तव डॉक्टरांकडे जातांना शेजारीं निजणाऱ्या माणसानें बरोबर जावें, आणि कोणत्या गोळीनंतर किती वेळानें पाय अस्वस्थ झाले, हें आठवडाभर वहींत टिपून न्यावें.