शेअर धरावा की विकावा?



गणपतीला आलेला चाकरमानी ओटीवर बसून सांगतो, "दोन रुपयांचा शेअर आहे, वीस होतलो!" मग ऊसबिलातले चार पैसे तिकडे जातात. भाव पडला की मालवणच्या बाजारपेठेपासून वैभववाडीच्या स्टँडपर्यंत एकच वाद : धरायचा की विकायचा?

दोनाचा एक झाला म्हणजे तोटा निम्मा; पण मुद्दल परत यायला भाव दुप्पट व्हावा लागतो. शिवाय खालचे सर्किट लागले की विकणाऱ्यांची रांग, घेणारा कोणीच नाही. साधना ब्रॉडकास्टच्या शेअरचेच पाहा. २०२२ साली यूट्यूबवरून दिशाभूल करून भाव चढवला आणि चढत्या भावात काहींनी आपले शेअर विकले, असे सेबीने २ मार्च २०२३ च्या आदेशात म्हटले.

म्हणून आम्ही सुचवतो, स्वतःलाच विचारा : आज हातात रोकड असती, तर हाच शेअर याच भावाने घेतला असता काय? कंपनीचा धंदा, कर्ज व नफा पाहून 'हो' म्हणत असाल तर धरा; नाहीतर विकून मोकळे व्हा. सरासरी उतरवण्यासाठी आणखी घेणे म्हणजे फुटक्या होडीत माल भरणे.

कारखान्याचा शेअर वेगळा. तो बाजारात चढत-उतरत नाही. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. त्याचा खरा मोबदला उसाच्या दरात मिळतो.

एवढे मात्र पाळा : बेण्याचे, खताचे आणि सोसायटीच्या हप्त्याचे पैसे शेअरबाजारात घालू नका.