व्हिक्टोरिया गोदीतील स्फोट : ऐकीव कथा आणि घडलेली हकीगत

मुंबईतील जुन्या बिऱ्हाडांतून, विशेषतः मांडवी, मशीद बंदर, डोंगरी या बाजूला ज्यांच्या घराण्याने चार पिढ्या काढल्या त्यांच्या बोलण्यातून, १४ एप्रिल १९४४ च्या दुपारची आठवण निघाली म्हणजे ‘जपान्यांनी बॉम्ब टाकले’ हे वाक्य अजूनही ऐकू येते. आणि ते ज्या काळात जन्मले तो काळ ध्यानात घेतला तर त्याचे नवल वाटत नाही. जपानी फौजा तेव्हा इंफाळच्या वेशीशी येऊन ठेपल्या होत्या आणि मुंबईत रात्री दिवे झाकण्याचा हुकूम लोकांच्या अंगवळणी पडला होता. त्यात सरकारी सेन्सॉरने स्फोटाची वार्ता दाबून धरली. जपान्यांच्या ताब्यातील सायगावच्या रेडिओने दुसऱ्याच दिवशी तिचा पुकारा केला, तरी आपल्याकडे खुलासेवार मजकूर छापण्यास मोकळीक मिळाली ती मे महिन्यात. जेथे सरकार मौन धरते तेथे अफवेस रान मोकळे सापडते, आणि या अफवेचे मोठे खापर त्या मौनावरच फोडले पाहिजे.

त्या दिवशी मुंबईवर शत्रूचे एकही विमान आले नव्हते. स्फोटाच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने घातपाताची शंकाही ग्राह्य धरली नाही. आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत आणि कोणाच्या तरी निष्काळजीपणाने पडलेल्या ठिणगीत असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या जहाजावर हा स्फोट झाला ते ‘फोर्ट स्टिकीन’ इंग्लंडातील बर्कनहेडहून फेब्रुवारीत निघाले तेव्हाच त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीस त्यात सुमारे ८,७०० गाठी कापूस, शिवाय तेलाची पिंपे, लाकूड आणि इतर किरकोळ माल चढला, आणि ज्या खणात कापूस रचला त्याच खणात वरच्या अंगाला स्फोटके राहू दिली गेली. कापूस एकदा आतून धुमसू लागला की वरून कितीही पाणी ओता, गाठीच्या गाभ्यापर्यंत ते पोहोचत नाही, हे आमच्या खानदेश-वऱ्हाडातील जिनाचा कोणताही मुकादम सांगेल. तरीही हे मिश्रण भरवस्तीच्या गोदीत १२ एप्रिलला आणले गेले, धोक्याचा लाल बावटा जहाजावर चढला नाही, आणि दारूगोळा उतरविण्याच्या कामात दिरंगाई झाली.

दुसरा समज असा की सारे काही क्षणात उडाले, कोणास काही करण्यास अवधीच मिळाला नाही. अवधी होता, दोन तासांचा होता, आणि या प्रकरणातील खरी व्यथा हीच आहे. जेवणाच्या सुटीनंतर, दोनच्या सुमारास, खणातून धूर दिसला. बंब बोलावण्यास उशीर झाला, पण आल्यावर बंबवाल्यांनी आणि खलाशांनी मिळून सुमारे ९०० टन पाणी आत सोडले. धुरामुळे आगीचे ठिकाण मात्र कोणाला दिसेना, आणि जहाजाभोवतीचे पाणी उष्णतेने उकळू लागले. जहाज जागीच बुडवावे की बाहेर न्यावे, याचा निर्णय करण्याचा निर्विवाद अधिकार त्या धक्क्यावर एकाही अंमलदाराजवळ नव्हता. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्करी माणसे आणि अग्निशमन दलाचे प्रमुख एकमेकांच्या शब्दाची वाट पाहत राहिले. शेजारच्या धक्क्यांवर शेकडो हमाल आपले नित्याचे ओझे वाहत होते. गोदी रिकामी करा असा इशारा त्यांना वेळेवर गेलाच नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा झाला, तो पहिल्याहून प्रचंड. शेजारच्या ‘जलपद्म’ या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावरील गुदामावर जाऊन पडला.

सोन्याबद्दलच्या कथा सर्वांत चिवट आहेत. जहाजावर सोने होते हे खरे : पेट्यांत बंद केलेल्या १२४ विटा, प्रत्येक वीट सुमारे साडेबारा किलोची. पण त्या साऱ्या लोकांनी लुटल्या, हा गोदीभोवतालच्या गरिबांवर केलेला अन्याय आहे. मैलभरावरील एका पारशी गृहस्थाच्या घरात छत फोडून एक वीट पडली, ती त्यांनी सरकारजमा केली. पुढे वर्षानुवर्षे गोदीतील गाळ उपसताना विटा निघत राहिल्या आणि त्या धन्याकडे परत गेल्या.

मृतांच्या आकड्याबद्दल एकमत नाही. अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात, कारण ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते असे हमाल त्यांत पुष्कळ होते. एक आकडा मात्र पक्का आहे. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दुपारी कामावर मेले, आणि १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठी. आग आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले. राडारोडा उपसण्यास आठ हजार माणसे सात महिने खपत होती.