सर्व्हरचा मिस्ड कॉल

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एमरी विद्यापीठ आहे. १४ मे २०१४ रोजी तिथल्या विंडोजवर चालणाऱ्या संगणकांना एक हुकूम गेला. डिस्क साफ करा, तिची नव्याने विभागणी करा आणि वर विंडोज ७ टाका. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर ‘फॉरमॅट मारा’. हुकूम चुकून सगळ्यांनाच गेला होता. डेस्कटॉप, लॅपटॉप, इतकंच काय, काही सर्व्हरसुद्धा त्यात आले. चूक ध्यानात येताच आयटी विभागाने हुकूम सोडणारा मुख्य सर्व्हर बंद केला, पण तोवर उशीर झाला होता. तो सर्व्हरही विंडोजवरच चालत होता, म्हणजे तोही यादीत होता. त्याने आपलाच हुकूम इमानदारीने पाळून स्वतःची डिस्क पुसून टाकली होती.

भस्मासुराची आठवण येणारच. पण भस्मासुराला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावण्यासाठी मोहिनीला नाचावं लागलं होतं. इथे कोणी कोणाला फसवलं नाही. यंत्रणा ज्या कामासाठी बसवली होती, तेच काम तिने चोख केलं.

ही यंत्रणा आज बहुतेक मोठ्या कचेऱ्यांत असते आणि तिथे काम करणाऱ्यांना ती जवळपास दिसत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर वॉलपेपर बदलायला जावं तर बटण करडं पडलेलं असतं. पेन ड्राइव्ह लावला तर उघडत नाही. दुपारी मध्येच ‘रीस्टार्ट करा’ असा निरोप येतो. या सगळ्यामागे कुठेतरी एक सर्व्हर असतो. संस्थेचा प्रत्येक संगणक, प्रत्येक फोन त्याच्या वहीत नोंदलेला असतो. कोणावर कोणतं सॉफ्टवेअर आहे, कोणाचं अपडेट राहिलंय, कोण तीन आठवडे दिसलाच नाही, हे त्याला ठाऊक असतं. धंद्यातले लोक याला ‘एंडपॉइंट मॅनेजमेंट’ म्हणतात, नुसते फोन असतील तर ‘एमडीएम’, म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट.

पूर्वी हे काम पायांनी व्हायचं. आयटीवाला फ्लॉपींचा, नंतर सीडींचा डबा घेऊन टेबलाटेबलाशी जायचा. पाचशे संगणक म्हणजे पाचशे वेळा ‘जरा उठता का?’ १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर नावाचं उत्पादन आणलं आणि ही पायपीट तारेवरून होऊ लागली. एमरीतला सर्व्हर याच घराण्यातल्या पुढच्या पिढीचा. मग विंडोज २००० आलं. त्याच्याबरोबर ‘ग्रूप पॉलिसी’ आली. तिच्यातली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते.

ग्रूप पॉलिसीत सर्व्हर कोणाच्या मागे धावत नाही. संगणकच ठरावीक वेळाने त्याच्याकडे जाऊन ‘काही नवा नियम आहे का?’ असं विचारतो. दर ९० मिनिटांनी. पण नेमकं ९० मिनिटांनी नाही. त्यात शून्य ते ३० मिनिटांच्या मधला कुठलाही आकडा प्रत्येक संगणक आपल्या मनाने मिळवतो. का? ज्या सोसायटीत सकाळी सहाला पाणी येतं, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. सहाच्या ठोक्याला सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की चौथ्या मजल्यावर नळाला नुसती हवा येते. सकाळी नऊला एकदम सुरू झालेले पाच हजार संगणक एकाच क्षणी दारात उभे राहू नयेत, म्हणून त्यांच्या घड्याळात मुद्दाम थोडी बेशिस्त घातली आहे. शिस्त लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात!

फोन आले आणि हे गणित बिघडलं. टेबलावरचा संगणक भिंतीतल्या विजेवर चालतो, कंपनीच्याच जाळ्यात असतो. फोन लोकलमध्ये असतो, घाटात असतो, उशाशी असतो. त्याने दर थोड्या वेळाने सर्व्हरचं दार ठोठावायचं ठरवलं, तर संध्याकाळपर्यंत बॅटरी राहणार नाही. कॅनडातल्या रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ मध्ये ब्लॅकबेरीसाठी खास सर्व्हर आणून यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्यामुळे ब्लॅकबेरी बराच काळ बड्या साहेबांच्या कमरेला राहिली. आयफोनसाठी ॲपलने २०१० मध्ये जी पद्धत आणली, ती मात्र भारतीय माणसाने शोधली असावी इतकी ओळखीची आहे. सर्व्हर फोनला मिस्ड कॉल देतो.

अक्षरशः तसंच. प्रत्येक आयफोन ॲपलच्या निरोप पोहोचवणाऱ्या यंत्रणेशी एक बारीकशी जोडणी कायम राखून असतो. व्हॉट्सॲपपासून बँकेपर्यंत सगळ्यांचे इशारे त्याच एका वाटेने येतात, म्हणून बॅटरी फारशी खर्ची पडत नाही. कंपनीचा सर्व्हर याच वाटेने एक निरोप धाडतो, पण त्या निरोपात हुकूम नसतो. पासवर्ड नाही, नियम नाही, काहीच नाही. ‘मी हाक मारली’ एवढी ओळख पटवणारी एक खूण तेवढी असते. ती पाहून फोन स्वतः सुरक्षित जोडणीने कंपनीच्या सर्व्हरला उलट फोन लावतो आणि सांगतो, ‘मी मोकळा आहे.’ मग सर्व्हर रांगेतला पहिला हुकूम हातात ठेवतो : ही वायफायची जोडणी घे, हे ॲप टाक, पासकोड सहा आकडी कर. फोन काम उरकून ‘झालं’ म्हणतो, दुसरा हुकूम घेतो. रांग संपेपर्यंत हे चालतं. फोन लॉक असताना एखादं काम करता येणार नसेल, तर त्याच्याकडे एक अधिकृत उत्तर आहे : ‘नॉट नाऊ’. आत्ता नाही. कचेरीत एरवी हे उत्तर फार थोड्यांना देता येतं.

या मांडणीत एक हुशारी आहे. मधला पोस्टमन, म्हणजे ॲपल, हाक पोहोचवतो पण पत्र वाचू शकत नाही, कारण त्याच्या हाती पत्र नसतंच. दुसरीकडे या हाकेचा परवाना, म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र, दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं आणि तेही आधी ज्या खात्यावरून घेतलं त्याच खात्यावरून. ते खातं नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी नावावर असेल आणि पासवर्ड कोणालाच आठवत नसेल, तर सगळे फोन एकेक करून पुन्हा जोडून घेण्याची पाळी येते. इतक्या देखण्या यंत्रणेचा जीव अशा एका आठवणीच्या नोंदीत अडकलेला असतो.

हुकूम पाळणारी यंत्रं मिळाली, तरी ती मुळात आपली कशी राहायची, हा प्रश्न होताच. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना आयपॅड वाटले. फेसबुक, यूट्यूब वगैरे बंद ठेवण्याचे नियम त्यात आधीच भरलेले होते. काही आठवड्यांतच रूझवेल्ट हायस्कूलमधल्या जवळपास तीनशे मुलांनी ते मोडले. मोडले म्हणजे काय, सेटिंगमध्ये जाऊन नियमांची फाइल, जिला ‘प्रोफाइल’ म्हणतात, ती खोडून टाकली. हॅकिंग वगैरे काही नाही. कुलूप लावून किल्ली कुलपाशेजारीच टांगून ठेवली होती, मुलांनी ती घेतली. पुढच्याच वर्षी ॲपलने वेगळी व्यवस्था आणली. आता संस्थेने विकत घेतलेल्या यंत्राचा क्रमांक ॲपलच्या दफ्तरीच नोंदला जातो. पहिल्यांदा चालू होताना, किंवा पूर्ण पुसून पुन्हा चालू होताना, यंत्र आधी ॲपलला विचारतं, ‘मी कोणाचं?’ उत्तर मिळालं की थेट त्या संस्थेच्या सर्व्हरपुढे जाऊन उभं राहतं. अँड्रॉइडमध्येही अशी सोय आहे. शिवाय तिथे एक गमतीदार चोरदरवाजा आहे : नव्या कोऱ्या किंवा नुकत्याच पुसलेल्या फोनच्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवलं की क्यूआर कोड वाचायचा कॅमेरा उघडतो आणि कंपनीचा कोड दाखवला की फोन कंपनीचा होतो. असे फोन हाताळणारी सॉफ्टवेअरं आपल्याकडेही बनतात. पुण्यात स्केलफ्युजन आणि क्विक हीलची सेक्राइट ही शाखा, चेन्नईत झोहोची मॅनेजइंजिन.

आता ज्या गोष्टीबद्दल बोलायला कंपन्या फारशा उत्सुक नसतात तिच्याकडे येऊ. फोन हरवला तर तो शोधता यायला हवा. म्हणजेच फोन हरवला नसेल तरी शोधता येतो.

पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन इथल्या शाळांनी मुलांना घरी न्यायला लॅपटॉप दिले होते. त्यात चोरी पकडण्याची सोय होती. ती चालू केली की लॅपटॉप दर १५ मिनिटांनी स्वतःच्या कॅमेऱ्यातून एक फोटो आणि पडद्याचं एक चित्र शाळेकडे पाठवायचा. २००९ मध्ये एका विद्यार्थ्याला बोलावून, तो घरात गोळ्यांसारखं काहीतरी घेत असल्याचा फोटो दाखवण्यात आला. मुलाचं म्हणणं, त्या खाऊच्या गोळ्या होत्या. पण मोठा प्रश्न वेगळाच होता : मुलाच्या घरातला फोटो शाळेकडे आला कसा? चौकशीत पन्नास हजारांहून जास्त चित्रं निघाली. त्यातली बरीचशी खरोखर चोरीला गेलेल्या लॅपटॉपवरची होती. पण लॅपटॉप सापडल्यावरही बटण बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं, असेही प्रकार होते. अखेर शाळांनी सहा लाख दहा हजार डॉलर देऊन दोन विद्यार्थ्यांचे दावे मिटवले. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतो तो दुष्टपणा नव्हे, विसरभोळेपणा. पाळत ठेवायला कोणी टपून बसायला लागत नाही, बटण चालू राहिलं की पुरतं.

आपल्या देशातलं उदाहरण हरियाणाचं आहे. तिथल्या सुमारे वीस हजार आशा सेविकांना, आपल्याकडे गावात ज्यांना आशाताई म्हणतात त्यांना, सरकारने फोन दिले आणि २०२१ मध्ये त्यात ‘एमडीएम ३६० शील्ड’ नावाचं ॲप टाकायला सांगितलं. फोन कुठे आहे हे त्यातून कळणार होतं, दुरून ॲप टाकता किंवा काढता येणार होतं. बायकांनी ते टाकायला नकार दिला, आंदोलन केलं. आम्ही कामचुकार आहोत असं समजून नजर ठेवताय का, हा एक सवाल होता. त्याला जोडून आणखी एक धागा आहे. सरकारच्या लेखी आशा या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. म्हणजे पगाराच्या वेळी त्या नोकर नाहीत आणि नजर ठेवायच्या वेळी आहेत! नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, तीही याच जातीची. साहेबांच्या मनगटावर असं घड्याळ बांधल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

यावर तांत्रिक तोड आहे, हे इथे सांगायला हवं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून फोनमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ करता येतं. एकाच फोनात जणू दोन बिऱ्हाडं. ऑफिसच्या ॲपच्या चिन्हावर छोटीशी ब्रीफकेस असते आणि कंपनीचा हुकूम तिच्या पलीकडे फारसा चालत नाही. स्वतःच्या फोनवर ऑफिसचं काम करणाऱ्याचे फोटो, गप्पा कंपनीला दिसत नाहीत. पुसायची वेळ आली तर ब्रीफकेसवालं बिऱ्हाड तेवढं रिकामं होतं. सोय आहे. ती वापरायची की अख्खा फोन ताब्यात घ्यायचा, हे सर्व्हरपाशी बसलेला माणूस ठरवतो.

आणि तिथे भलताच कोणी येऊन बसला तर? २ जुलै २०२१ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या तोंडावर, तेच घडलं. कसेया या कंपनीचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर लहान-मोठ्या आयटी सेवा कंपन्या वापरत होत्या. त्या प्रत्येकीच्या हाताखाली अनेक ग्राहक. रेव्हिल नावाच्या खंडणीखोर टोळीने त्या सॉफ्टवेअरमधली फट शोधली आणि फाइली कुलूपबंद करणारा विषाणू दुरुस्तीचं अपडेट म्हणून खाली पाठवला. खालच्या यंत्रांनी तो निमूट घेतला. हुकूम नेहमीच्याच वाटेने, नेहमीच्याच मालकाकडून आला होता. स्वीडनमध्ये कूप या साखळीची सुमारे आठशे दुकानं बंद राहिली, कारण गल्ले चालेनात. कूप स्वतः कसेयाची ग्राहकही नव्हती. तिच्या गल्ल्यांची देखभाल करणारी कंपनी ते सॉफ्टवेअर वापरत होती. मन खट्टू करणारी गोष्ट म्हणजे नेदरलँड्समधल्या काही स्वयंसेवी तज्ज्ञांनी ही फट आधीच कसेयाला कळवली होती, दुरुस्ती चालूही होती.

तीन वर्षांनी, १९ जुलै २०२४ रोजी, शत्रूचीही गरज पडली नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला सोडली आणि ७८ मिनिटांनी मागे घेतली. तेवढ्यात जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. फाइल मागे घेऊनही संगणक का सुधारले नाहीत? कारण सुरूच न होणारं यंत्र कोणाची हाक ऐकणार? माणसांना एकेका संगणकापाशी जावं लागलं, सेफ मोडमध्ये ती फाइल खोडावी लागली आणि डिस्क सांकेतिक केलेली असेल तर त्याआधी ४८ आकड्यांची किल्ली हाताने टाइप करावी लागली. १९९४ पूर्वीची पायपीट एका दिवसात परत आली.

आता शहाणी मंडळी कुठलाही हुकूम आधी दहा-वीस यंत्रांना देतात, एक दिवस थांबतात, मग शंभरांना, मग सगळ्यांना. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनमध्ये दुसऱ्या प्रशासकाने मान्यता दिल्याशिवाय काही कामं पुढेच जाऊ नयेत, अशी सोय करता येते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तशी. एमरीत त्या दिवशी दुसऱ्या कोणाला मान डोलवावी लागली असती तर ‘सगळ्यांना?’ एवढा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला असता.

हरवलेल्या फोनचं मात्र जुनंच दुखणं उरलं आहे. फोन टॅक्सीत राहिला, तुम्ही आयटीला कळवलं, त्यांनी ‘पुसून टाक’ हा हुकूम रांगेत लावला, मिस्ड कॉलही गेला. पण फोन सापडलेल्या माणसाने तो बंद करून, सिम काढून, कपाटाच्या खणात टाकलेला असतो. उलट फोन येत नाही. सर्व्हरच्या पडद्यावर त्या फोनसमोर ‘प्रतीक्षेत’ असा शेरा दिसत राहतो. महिना जातो, वर्ष जातं, नवा फोन येतो, कधी कधी मालकही नोकरी बदलतो. हुकूम तसाच रांगेत उभा असतो.