कोळशाच्या जहाजाला पंख फुटले!

बालमित्रांनो, अमेरिकी नौदलाची पहिली विमानवाहू नौका कशापासून तयार झाली, ठाऊक आहे? कोळसा वाहणाऱ्या एका काळ्याकुट्ट जहाजापासून! त्याचं नाव होतं 'ज्युपिटर'.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक युद्धनौका कोळशावर चालत. खलाशी घामाघूम होऊन भट्टीत फावड्यांनी कोळसा टाकायचे, त्यावर पाण्याची वाफ व्हायची आणि वाफेवर इंजिन चालायचं. पण घरापासून दूर समुद्रात कोळसाच संपला तर? मग तोफा कितीही मोठ्या असोत, उपयोग काय? म्हणून युद्धनौकांना कोळसा पुरवणारी वेगळी जहाजं असत.

'ज्युपिटर' त्यांपैकीच एक. कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंड गोदीत १९११ मध्ये त्याची बांधणी सुरू झाली आणि १९१३ मध्ये ते नौदलात दाखल झालं. लांबी ५४२ फूट! काम मळकट, पण यंत्रं मात्र अगदी नव्या धर्तीची. वाफेचं टर्बाइन भलतंच जोरात फिरतं. जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरलेला बरा. मग दोघांचं जमायचं कसं? इथं टर्बाइन वीज तयार करायचं आणि विजेच्या मोटारी पंखे फिरवायच्या. अशी रचना असलेलं अमेरिकी नौदलातलं हे पहिलंच जहाज.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, या जहाजानं नौदलाच्या विमानदलातले काही लोक युरोपात पोहोचवले. पुढे आपल्यावरच विमानं उतरणार आहेत, हे तेव्हा त्याला कुठे ठाऊक होतं!

हळूहळू युद्धनौका तेलावर चालू लागल्या. कोळशाची गरज घटली. मग 'ज्युपिटर' भंगारात गेलं का? छे! १९२० मध्ये नॉरफोकच्या गोदीत त्याचा कायापालट सुरू झाला. कोळशाची प्रचंड कोठारं रिकामी झाली होती, तिथं विमानं आणि पेट्रोल ठेवायची सोय झाली. वर लांबच लांब लाकडी धावपट्टी आली. १९२२ मध्ये जहाज नव्या नावानं समुद्रात उतरलं – 'लँगली'. वर सपाट छप्पर असल्यानं खलाशी तिला लाडानं 'छपराची गाडी' म्हणत.

आणि गंमत ऐका. त्या काळी वैमानिक निरोप धाडायला कबुतरं नेत, म्हणून 'लँगली'वर चक्क कबुतरखाना होता! थोडीथोडी सोडली, की कबुतरं शहाण्यासारखी परत यायची. एकदा मात्र सगळी एकदम सोडली. झालं! ती थेट नॉरफोकच्या गोदीत जाऊन बसली. कबुतरखान्याची पुढे अधिकाऱ्याची खोली झाली.

१७ ऑक्टोबर १९२२ रोजी व्हर्जिल ग्रिफिन यांनी नांगरलेल्या 'लँगली'वरून पहिलं उड्डाण केलं. पण उतरणं त्याहून अवघड! २६ ऑक्टोबरला गॉडफ्रे शेव्हेलियर चालत्या नौकेवर उतरले. विमानाचा आकडा आडव्या तारेत अडकला, की विमान थांबायचं. नेम चुकला तर मात्र जिवाशी गाठ. शेव्हेलियर तर सुखरूप उतरले. पण तीन आठवड्यांच्या आतच एका दुसऱ्या विमान अपघातात ते दगावले. तरी वैमानिकांनी सराव सोडला नाही. इथं शिकलेलेच धडे पुढे 'लेक्सिंग्टन' आणि 'साराटोगा' या मोठ्या विमानवाहू नौकांच्या कामी आले.

नव्या नौका आल्या आणि 'लँगली' पुन्हा जुनी ठरली. १९३७ पर्यंत तिची धावपट्टी पुढून कापून टाकली गेली. आता तिनं पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची देखभाल करायची होती.

दुसऱ्या महायुद्धात ती ३२ लढाऊ विमानं घेऊन ऑस्ट्रेलियाहून जावा बेटाकडे निघाली. २७ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी बॉम्बफेकी विमानांनी तिला गाठलं. दोनदा तिनं झटकन वळून बॉम्ब चुकवले. तिसऱ्यांदा पाच बॉम्ब बसले. जवळ ३२ विमानं होती, पण उडायला धावपट्टीच नव्हती! १६ जण मृत्युमुखी पडले. उरलेल्यांना सोबतच्या दोन विनाशिकांनी उचललं आणि नौका शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच तोफा व पाणतीर डागले. वाचलेल्यांपैकी बरेच जण नंतर 'पेकॉस' या तेलवाहू जहाजावर चढले; पण १ मार्चला तेही बुडवलं गेलं.

दोस्तांनो, पॅसिफिक महासागरातल्या त्या युद्धात पुढे विमानवाहू नौकांनीच मोठा पराक्रम गाजवला. त्यांच्या वैमानिकांची पहिली शाळा भरली होती, ती मात्र कोळशाच्या या जुन्या जहाजावर!