पाठचे बाळ आणि अंगावरून सुटलेले मूल

दीड-दोन वर्षांचे मूल दवाखान्यात येते. पाय सुजलेले, चेहरा गोल, केस विरळ आणि तांबूस, मांडीवरची कातडी सोललेली. खायला नको, खेळायला नको, नुसती किरकिर. घरची मंडळी म्हणतात, "डॉक्टरसाहेब, बाळसे तर धरले आहे, पण फार चिडचिडे झाले आहे." ते बाळसे नसते, सूज असते. अशा वेळी मी आहाराच्याही आधी विचारतो, "याच्या पाठीवर दुसरे आहे का?"

हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना आफ्रिकेतल्या आयांनी शिकवला. आजच्या घाना देशाला इंग्रजी अमलात गोल्ड कोस्ट म्हणत. तेथे डॉ. सिसिली विल्यम्स या बाई मुलांवर उपचार करीत. १९३३ साली त्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली त्याला तिथल्या गा भाषेतलेच नाव दिले, 'क्वाशिओरकोर'. पुढचे बाळ आले की आधीच्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. आईला दिवस गेले, अंगावरचे दूध तुटले आणि मूल मक्याच्या पातळ पेजेवर आले, की दुखणे सुरू. आम्हाला कॉलेजात हा प्रथिनांच्या कमतरतेचा आजार म्हणून शिकवला. आता वारंवारचे जुलाब, जंतुसंसर्ग अशी आणखी कारणेही धरतात. पण त्या आयांचे निदान खोटे ठरलेले नाही.

आफ्रिकेतल्याच नायजेरियात योरुबा लोकांची जुनी रीत होती, की मूल अंगावर पिते तोवर, म्हणजे दोन-तीन वर्षे, नवरा-बायकोने जवळ यायचे नाही. दूध नासते असे कारण सांगत. ते शास्त्राला धरून नाही, पण दोन बाळंतपणांत आपोआप अंतर पडे. आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे पुढचा गर्भ राहू देऊ नये. एका बाळंतपणात आईच्या अंगातले लोह झिजते, ते भरून यायला वेळ लागतो. त्याआधी पुन्हा दिवस गेले तर पंडुरोग बळावतो, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोच्या आत जन्मते. म्हणजे पोटातले, कडेवरचे आणि स्वतः आई, तिघांचीही ओढाताण.

आता आपल्याकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा सरासरी जननदर १.७ निघाला. आफ्रिकेतल्या नायजर देशात तो सहाच्या आसपास आहे. पण त्याच पाहणीत नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. गरिबी, ऊसतोडीचे स्थलांतर, अशक्त आई अशी कारणे आहेतच. पण सरासरीत एक गोष्ट दिसत नाही. बाई पाच वर्षांत तीन मुले करते आणि मग ऑपरेशन करून घेते. कागदावर कुटुंब लहान, पण जे नुकसान व्हायचे ते त्या पाच वर्षांत होऊन गेलेले असते. ऑपरेशनने पाळणा थांबतो, लांबत नाही. आपला सगळा जोर ऑपरेशनवर राहिला, हे माझ्या मते चुकले.

दिवस गेले म्हणून दूध एकाएकी तोडू नका. गर्भार बाईचे दूध विषारी होत नाही. ती धडधाकट असेल आणि पूर्वी गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे झाली नसतील, तर पाजता येते. मात्र तिने जास्त खाल्ले पाहिजे. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेचे जेवण तिच्यासाठीच असते. ते तिने तिथेच बसून खावे. घरी नेले की वाटले जाते.

मुलाच्या दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तरीही तसेच करा. आशाताईंकडे त्याची पट्टी असते.

अंतर राखण्याची साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. ती अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते. पाजणाऱ्या बाईने माला-एन मात्र पहिले सहा महिने घेऊ नये. अंतरा इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करून दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. त्याने पाळी अनियमित होते, कधी बंद होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बायकांनी निघण्यापूर्वी अंतराचे कार्ड पाहून पुढची तारीख विचारून घ्यावी आणि कार्ड सोबत न्यावे. हे इंजेक्शन तिकडच्या सरकारी दवाखान्यांतही असते. तारीख टळली तरी चार आठवड्यांपर्यंत ते घेता येते.