गायतोंडे यांचे चित्र आणि त्याची किंमत

सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र ६७ कोटी रुपयांना लिलावात विकले गेले, तेव्हा त्या आकड्याची चर्चा आमच्या संग्रामपुरातही झाली. कापसाचा भाव क्विंटलमागे पाचशे रुपयांनी घसरला तर जेथे घरचे लग्न लांबणीवर पडते, तेथे हे स्वाभाविकच होय. मात्र हा चित्रकार कोण, याची पृच्छा फारशी कोणी केली नाही.

वास्तविक गायतोंडे यांचा जन्म विदर्भातलाच. नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४ चा. घराणे गोमंतकीय, बालपण गिरगावच्या चाळीत आणि कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी पुढे त्यांचा संबंध आला. (त्याच गटातील ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, तर रझांचे आरंभीचे कलाशिक्षण नागपूरचे. भारतीय आधुनिक चित्रकलेत विदर्भाचा हा वाटा आपण विसरूनच गेलो आहोत.)

किंमत वाढली की पुरवठा वाढतो, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवितो. गायतोंडे यांनी हा नियम जन्मभर मानला नाही. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास, एवढीच त्यांची निर्मिती. उरलेला काळ चिंतनाचा. रोलरने रंगाचा थर द्यावा, पट्टीने तो खरवडावा, त्यावर पुन्हा थर चढवावा. असे करता करता त्या पृष्ठभागातून एक मंद प्रकाश उमटू लागे. त्यात माणूस, झाड वा देऊळ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. स्वतःच्या चित्रांस 'अमूर्त' म्हटलेलेही त्यांना रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. १९६४ मध्ये अमेरिकेतील शिष्यवृत्तीमुळे न्यूयॉर्क पाहिले, १९७१ मध्ये 'पद्मश्री' मिळाली, १९७२ मध्ये त्यांनी दिल्ली जवळ केली. परंतु कामाची गती बदलली नाही. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास कित्येक वर्षे थांबले, तेव्हा कागदावरील लहान रेखाटनांवर त्यांनी समाधान मानले. नसरीन मोहमदी यांच्यासारख्या चित्रकर्तीने त्यांच्यापासून घेतला तो हा संयम.

१० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. कोटींचे लिलाव त्यानंतरचे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील मोठे प्रदर्शनही २०१४ चे. लिलावातील रक्कम आधीच्या मालकाकडून नव्या मालकाकडे जाणाऱ्या मालमत्तेचे मोल सांगते. चित्रकाराच्या श्रमाशी तिचा संबंध दूरचा, आणि असे चित्र बहुधा खासगी भिंतीवर जाऊन दिसेनासे होते. माझ्या मते खरे नुकसान येथे आहे. आमच्या तालुक्यातील मुले दरवर्षी एलिमेंटरी व इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांस बसतात, दहावीचे वाढीव गुण मिळवितात. परंतु एका थोर चित्रासमोर उभे राहण्याचा योग त्यांना येत नाही. आणि छपाईत सर्वाधिक हरवणारी चित्रे असतील तर ती गायतोंडे यांचीच.

नागपूर-अमरावतीस वर्षातून एक महिना तरी शासकीय संग्रहातील मूळ चित्रे का आणू नयेत? विमा व वाहतूक यांचा खर्च होईल, हे खरे. तूर्त मात्र शेगावहून रात्रीची गाडी धरून मुंबईचे आधुनिक कला संग्रहालय गाठणे, एवढाच मार्ग आमच्या विद्यार्थ्यांस मोकळा आहे.